गेजचा आकडा उडी मारतो तेव्हा: छोट्या विमानात विजेची ढवळाढवळ कशी शोधायची

लँडिंग लाइट लावला की माझ्या विमानातलं ऑइल टेंपरेचर ४ अंशांनी चढायचं. सोबत पिटो हीटही (हवेचा वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) लावली की ९ अंशांनी. दोन्ही बंद केले की आकडा जिथल्या तिथे. दोन माणसांचं, घरी बांधलेलं, अ‍ॅल्युमिनियमचं विमान, १४ व्होल्टची व्यवस्था, चार सिलिंडर, दोन मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारी यंत्रं) आणि पॅनेलवर एक डिजिटल इंजिन मॉनिटर, एवढाच सगळा पसारा. मी ऑइल टेंपरेचरचा सेंडर, म्हणजे इंजिनवरचा सेन्सर, दोनदा बदलला. मॉनिटर काढून तपासायला पाठवला, तो "दोष नाही" असा शेरा घेऊन परत आला. चार महिने गेले. दोष निघाला तो एका नटाखाली, रंगाच्या थराखाली. तिथपर्यंत एका दुपारीत पोचता आलं असतं. फक्त कुठून सुरुवात करायची ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

ज्यांनी विमानाच्या वायरिंगला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे. क्रम मोडू नका. घाईने पुढच्या पायरीवर गेलात की सेन्सर बदलण्याचा मोह होतो, आणि या प्रकारच्या तक्रारीत सेन्सर क्वचितच दोषी असतो.

## सुरुवातीआधी दोन गोष्टी

पहिली. हवेत असताना आकडा बिघडला तर तो खराच आहे असं धरून चाला. ऑइल प्रेशर पडलेलं दिसलं तर "बहुतेक वायरिंग असेल" असं मनाशी म्हणत पुढे उडत राहू नका. उतरा, मग शोधा. पुढे दिलेल्या सगळ्या चाचण्या जमिनीवरच्या आहेत.

दुसरी. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो बंद करणारी जी तार असते, तिला पी-लीड म्हणतात. ती ग्राउंडला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या इंजिनच्या आणि सांगाड्याच्या धातूला, जोडलेली असते तेव्हाच मॅग्नेटो बंद असतो. तार तुटली, सैल झाली किंवा तुम्ही तपासायला सोडवली, की मॅग्नेटो जिवंत होतो, मग चावी "ऑफ"वर असो की तुमच्या खिशात. अशा वेळी प्रॉपेलर हाताने जरासा फिरला तरी इंजिन उचल खाऊ शकतं. मॅग्नेटोच्या आसपास काम असेल तर वरचे स्पार्क प्लग काढून ठेवा, मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) पूर्ण मागे घ्या, आणि प्रॉपेलरच्या फेऱ्यात कोणालाही उभं राहू देऊ नका.

## काय काय लागेल

कागदांमध्ये विमानाचा वायरिंग डायग्राम, इंजिन मॉनिटरचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल, इंजिनचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल आणि लॉगबुक. शेवटी कोणी काय बसवलं ही नोंद फार उपयोगी पडते. तक्रार बहुतेकदा कुठल्या तरी नव्या जोडणीनंतर सुरू झालेली असते: नवा एलईडी दिवा, यूएसबी चार्जर, नवा रेडिओ.

हत्यारांमध्ये:

- मिलिव्होल्ट नीट दाखवणारा मल्टिमीटर, शक्यतो एसी आणि डीसी दोन्हींसाठी चांगला
- १० अँपिअर देऊ शकणारा बेंच पॉवर सप्लाय
- लांब टेस्ट लीड, निदान ३ मीटरच्या, टोकाला मगर-चिमटे
- ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर, तुमच्या रेडिओची पॉवर झेपेल असा
- बॅटरीवर चालणारा, एएम बँड असलेला छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ
- काही रेझिस्टर, तारेवर चिमट्यासारखे बसणारे फेराइट (रेडिओ ऊर्जा अडवणारे तुकडे), बारीक सँडपेपर, स्टेनलेसचा छोटा ब्रश
- वही आणि पेन

ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम. नसेल तरी अडत नाही.

तुमचं विमान प्रमाणित प्रकारातलं असेल, तर मोजणं आणि पाहणं वेगळं, बदल करणं वेगळं. कपॅसिटर टाकणं, तार बदलणं, ग्राउंड हलवणं हे सगळं परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली आणि मंजूर कागदपत्रांनुसारच व्हायला हवं. तुम्ही नीट मोजून आकडे त्यांच्या हातात दिलेत, तर त्यांचं निम्मं काम झालेलं असतं.

## १. आकडा "कधी" बिघडतो ते लिहून काढा

"काय बिघडलं" हा प्रश्न बाजूला ठेवा. "कधी बिघडतं" एवढंच विचारा. वहीत एक तक्ता आखा. उभ्या रकान्यात प्रत्येक गेज: ईजीटी (एग्झॉस्ट वायूचं तापमान), सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान), ऑइल टेंपरेचर, ऑइल प्रेशर, फ्युएल लेव्हल, फ्युएल फ्लो, आरपीएम, व्होल्ट. आडव्या ओळीत प्रत्येक परिस्थिती: फक्त बॅटरी, इंजिन चालू पण अल्टरनेटर बंद, अल्टरनेटर चालू, मग एकेक दिवा, पिटो हीट, फ्युएल पंप, स्ट्रोब (लुकलुकणारा दिवा), रेडिओवर बोलताना, फक्त डावा मॅग्नेटो, फक्त उजवा.

इंजिन चालू असतानाच्या नोंदी एका माणसाने घेऊ नयेत. एक जण पूर्णवेळ नियंत्रणावर, ब्रेक धरून, बाहेर बघत. दुसरा लिहिणारा.

तक्ता भरला की दोन प्रकार दिसायला लागतात. सगळेच आकडे एकदम, एकाच वेळी हलत असतील तर दोष सामायिक आहे: ग्राउंड, नाहीतर मॉनिटरचा वीजपुरवठा. एकच आकडा हलत असेल तर त्या एका तारेचा, तिच्या कनेक्टरचा किंवा सेन्सरचा. माझ्या तक्त्यात ऑइल टेंपरेचर आणि ऑइल प्रेशर एकत्र हलत होते, ईजीटी मात्र स्थिर. कारण साधं होतं. ते दोन सेंडर इंजिनच्या बॉडीतून ग्राउंड घेत होते, ईजीटीचे प्रोब घेत नव्हते. हे मला तेव्हा दिसलं असतं, पण मी तक्ता केला तो चौथ्या महिन्यात.

## २. बदल खरा की विजेचा, हे ठरवा

सिलिंडर हेड म्हणजे धातूचा जाड गठ्ठा. तो एका सेकंदात ३० अंश तापत नाही आणि थंडही होत नाही. सीएचटी असा उडाला तर ते तापमान नव्हे. ऑइलचंही तसंच. ईजीटी मात्र खरोखर झपाट्याने बदलतो, मिक्श्चर जरा हलवलं तरी, त्यामुळे तिथे घाईने निष्कर्ष काढू नका. टाकीतल्या फ्लोटचा आकडा वळणात किंवा टॅक्सी करताना डोलतो, तो इंधन हिंदकळल्यामुळे. त्याला विजेचा दोष समजून मागे लागू नका.

बटण दाबल्याच्या क्षणी आकडा सरकला आणि सोडल्याच्या क्षणी परतला, की ते विजेचंच.

## ३. सेन्सर बाजूला काढून बघा

ही पायरी दहा मिनिटांची आहे आणि ती वगळली म्हणून माझे दोन सेंडरचे पैसे गेले.

रेझिस्टन्सवर चालणारा सेंडर असेल, म्हणजे जुन्या पद्धतीचे बहुतेक ऑइल टेंपरेचर, ऑइल प्रेशर आणि टाकीचे सेंडर, तर सेंडरची तार इंजिनपाशी सोडवा आणि तिथे योग्य किमतीचा एक साधा रेझिस्टर लावा. किंमत मॉनिटरच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यातून घ्या. रेझिस्टरचं दुसरं टोक आधी इंजिनच्या बॉडीला लावून बघा, मग वेगळ्या तारेने थेट मॉनिटरच्या ग्राउंड पिनवर नेऊन बघा. पहिल्या जोडणीत आकडा हलतो आणि दुसऱ्या जोडणीत स्थिर राहतो, तर सेंडर निर्दोष आहे आणि इंजिनचं ग्राउंड दोषी. दोन्हींत हलतो, तर तारेत काहीतरी शिरतं आहे किंवा मॉनिटरच अस्वस्थ आहे. दोन्हींत स्थिर असेल तरच सेंडरकडे वळा.

## ४. ग्राउंड

इथे वेळ द्या. रेडिओवर बोलताना होणारी गडबड सोडली, तर मी आजवर स्वतःच्या आणि मित्रांच्या विमानांत ज्या तक्रारी सुटताना पाहिल्या, त्यातल्या बहुतेक इथेच सुटल्या.

आधी प्रवाह कसा वाहतो ते समजून घ्या. अल्टरनेटर इंजिनवर बोल्ट केलेला असतो. त्याच्या प्लसमधून प्रवाह निघतो, बसवर, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर, जातो, दिव्यातून, पिटो हीटमधून वाहतो, विमानाच्या सांगाड्यात येतो, आणि त्याला अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत परत जायचं असतं. हा परतीचा रस्ता म्हणजे इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी ग्राउंड केबल. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, त्यामुळे माउंटमधून भरवशाचा रस्ता नसतो. केबलच्या जोडात जराही रेझिस्टन्स आला की परतीच्या प्रत्येक अँपिअरबरोबर इंजिनची बॉडी सांगाड्याच्या तुलनेत थोडी खाली जाते.

आता सेंडरकडे बघा. मॉनिटर त्याचं व्होल्टेज स्वतःच्या ग्राउंडशी तुलना करून मोजतो, पण सेंडर उभा आहे इंजिनच्या बॉडीवर. इंजिन जितकं खाली सरकलं तितकं सेंडरचं व्होल्टेज कमी दिसणार. बहुतेक टेंपरेचर सेंडरचा रेझिस्टन्स तापल्यावर उतरतो, म्हणून मॉनिटरला वाटतं ऑइल तापलं. लँडिंग लाइटच्या तारेचा आणि ऑइल सेंडरच्या तारेचा एकमेकींशी काही संबंध नसताना माझा आकडा का चढायचा, त्याचं उत्तर हे.

आकड्यांत सांगतो. १०० वॉटचा दिवा १४ व्होल्टवर साधारण ७ अँपिअर घेतो. माझ्या ग्राउंडच्या रस्त्यात १२ मिलिओहम होते. म्हणजे दिवा लागताच ८४ मिलिव्होल्टचा फरक. पिटो हीट धरून १५ अँपिअर, म्हणजे १८० मिलिव्होल्ट. स्टार्टर १५० अँपिअर ओढतो असं धरलं तर त्याच रस्त्यात १.८ व्होल्ट वाया. माझं इंजिन गेले काही महिने सुस्त फिरत होतं आणि मी बॅटरी म्हातारी झाली म्हणत होतो. सुस्त क्रँकिंग आणि नाचणारी गेज एकत्र दिसली तर सरळ ग्राउंड केबलकडे जा.

मोजायचं कसं. साध्या मल्टिमीटरच्या ओहमवर हे दिसत नाही. त्याच्या लीडचाच रेझिस्टन्स ०.१ ते ०.५ ओहम असतो, आणि आपण शोधतो आहोत त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा. "बीप वाजला म्हणजे ग्राउंड ठीक" ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची फसगत आहे. बीप ३० ओहमवरही वाजतो.

त्याऐवजी इंजिन बंद, बॅटरीची मायनस केबल सोडवलेली, अशा स्थितीत बेंच सप्लायमधून बरोबर १० अँपिअर इंजिनच्या बॉडीतून फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीच्या) ग्राउंड बोल्टपर्यंत पाठवा. मग मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून, सप्लायचे चिमटे जिथे लावले आहेत तिथे नव्हे तर त्यांच्या शेजारी, उघड्या धातूवर टोकं टेकवा. दिसणाऱ्या मिलिव्होल्टला १० ने भागा, मिलिओहम मिळाले. मग टप्प्याटप्प्याने मोजा: इंजिनची बॉडी ते लग (केबलच्या टोकाची धातूची कडी), लग ते केबल, केबलच्या दुसऱ्या टोकाचा लग, लग ते फायरवॉल. ज्या टप्प्यात मिलिव्होल्ट उडी घेतील तो जोड. अमेरिकी विमानवाहतूक नियामक एफएएच्या ४३.१३-१बी या सल्लापत्रकात बाँडिंगच्या, म्हणजे धातूला धातू जोडणाऱ्या, प्रत्येक जोडासाठी ०.००३ ओहम, म्हणजे ३ मिलिओहम, ही मर्यादा दिलेली आहे. मी तीच डोळ्यासमोर ठेवतो.

माझ्याकडे पूर्ण रस्त्यात १२० मिलिव्होल्ट दिसले, आणि त्यातले १०० हून अधिक एकाच जोडात, इंजिनच्या मागच्या केसवर. नट काढला. लग उचलला. खाली इंजिनचा राखाडी रंग जसाच्या तसा होता. स्टार वॉशरचे दात फक्त तीन जागी रंग फोडून धातूपर्यंत पोचले होते, तीन चमकते ठिपके, आणि त्यांच्याभोवती पांढरी पूड: अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड. सगळा परतीचा प्रवाह त्या तीन ठिपक्यांतून जात होता. तेवढ्या गोल भागातला रंग काढला, धातू चकचकीत केला, लगेच लग बसवला, टॉर्क दिला आणि ओलावा शिरू नये म्हणून जोडावर बाहेरून रंगाचा हात मारला. पुन्हा मोजलं: ११ मिलिव्होल्ट.

घासल्यावर जोड तासभर उघडा ठेवू नका. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच चढायला लागतो.

आणखी एक गोष्ट या पायरीतच बघून घ्या. ग्राउंड केबल खराब असताना स्टार्टरचा प्रवाह दुसरे रस्ते शोधतो: थ्रॉटलची केबल, मिक्श्चरची केबल, धातूच्या जाळीचे होज. क्रँक केल्यानंतर यातलं काही कोमट लागलं, किंवा केबल ओढताना खरखरीत लागली, तर उड्डाण थांबवा. ती केबल आतून भाजलेली असू शकते.

लाकडी, कापडी किंवा कंपोझिट विमानात सांगाडा वाहक नसतोच. तिथे प्रत्येक उपकरणाची ग्राउंड तार एका ठिकाणी, फायरवॉलवरच्या एका बोल्टवर किंवा पट्टीवर आणलेली असावी. वाटेत कुणी जवळच्या ब्रॅकेटला "इथेच ग्राउंड करू" म्हणून तार लावली असेल तर ती शोधून काढा. मॉनिटरचं आणि सेन्सरचं ग्राउंड एकाच ठिकाणी आलं, की वरचा सगळा फरक उरतच नाही.

## ५. थर्मोकपल

ईजीटी आणि सीएचटीचे प्रोब थर्मोकपलचे, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून तापमानाप्रमाणे व्होल्टेज देणारे, असतात आणि ते फार लहान आवाजात बोलतात. के-टाइप दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो, जे-टाइप सुमारे ५२. म्हणजे के-टाइपमध्ये एक मिलिव्होल्टची भेसळ झाली की २४ अंशांची चूक.

सोपी चाचणी अशी. मॉनिटरच्या मागे त्या सिलिंडरचे दोन्ही इनपुट एका आखूड तारेने एकमेकांना जोडा. आकडा मॉनिटरच्या टर्मिनलजवळच्या तापमानाएवढा दिसला पाहिजे, म्हणजे साधारण कॉकपिटचं तापमान. आता दिवे, स्ट्रोब, रेडिओ एकेक चालवा. तरीही उडत असेल तर प्रोब आणि तार दोघांची सुटका झाली. मॉनिटरचा पुरवठा किंवा ग्राउंड बघा.

प्रोबचं टोक आतून त्याच्या धातूच्या कवचाला जोडलेलं आहे का, हेही तपासा. तार सोडवून ती आणि इंजिन यांच्यामध्ये ओहम मोजा. काही ओहम दिसले तर जोडलेलं, काहीच नाही तर सुटं. जोडलेला प्रोब इंजिनची सगळी उलथापालथ मॉनिटरच्या दारात आणून सोडतो. तुमच्या मॉनिटरला कोणता प्रकार चालतो ते त्याच्या मॅन्युअलमध्ये असतं. सुटा असायला हवा तो जोडलेला दिसला, तर तारेवरचं काचधाग्याचं वेष्टन उसवून ती बॅफलच्या (हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्याच्या) कडेला किंवा एग्झॉस्टला टेकते आहे का ते बोटाने चाचपत जा. मला असा एक प्रोब मित्राच्या विमानात मिळाला. चौथ्या सिलिंडरची तार बॅफलच्या भोकातून जात होती, भोकाला रबरी ग्रोमेट नव्हता, आणि नखाएवढ्या जागेत वेष्टन घासून धातू उघडा पडला होता.

रंगांची फसगत इथे हमखास होते. अमेरिकी पद्धतीत थर्मोकपलची लाल तार मायनस असते, प्लस नव्हे. के-टाइपची प्लस पिवळी, जे-टाइपची प्लस पांढरी. आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत के-टाइपची प्लस हिरवी आणि मायनस पांढरी. दोन पद्धतींचं सामान एकाच विमानात आलं की पांढरी तार एकीकडे प्लस, दुसरीकडे मायनस होते. के-टाइपची मायनस तार चुंबकाला चिकटते, त्यावरून खात्री करता येते.

थर्मोकपलची तार तुटली म्हणून मध्ये साधी तांब्याची तार जोडू नका. तांब्याचा जोड इंजिनच्या बाजूला ६० अंशांवर असेल आणि मॉनिटर २५ वर, तर आकडा ३५ अंशांनी कमी दिसेल. ही विजेची ढवळाढवळ नव्हे, पण हुबेहूब तशी वागते, कारण काउलिंग (इंजिनवरचं आवरण) तापेल तशी चूक वाढत जाते.

## ६. रेडिओवर बोलताना आकडे उडतात

विमानांच्या आवाजी रेडिओचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. तिथली तरंगलांबी सुमारे २.४ मीटर, तिचा पाव भाग ६० सेंटिमीटर. इंजिनपासून पॅनेलपर्यंतच्या तारा साधारण याच मापाच्या असतात, म्हणजे तुम्ही न सांगता त्या अँटेना होतात. आत आलेली रेडिओ ऊर्जा मॉनिटरच्या इनपुटमधल्या अर्धवाहक जोडांवर डीसीमध्ये बदलते आणि आकडा सरकतो.

पहिली चाचणी डमी लोडची. रेडिओच्या मागून अँटेनाची केबल काढा, डमी लोड लावा, बोलण्याचं बटण दाबा. उड्या थांबल्या तर ऊर्जा अँटेनातून किंवा तिच्या केबलमधून येते आहे. थांबल्या नाहीत तर ती रेडिओच्या वीजतारांतून येते आहे, आणि तुम्ही परत पायरी ४ वर जा. प्रत्यक्ष अँटेनावर चाचणी करताना वापरात नसलेल्या आणि परवानगी असलेल्या फ्रिक्वेन्सीवरच, दोन-तीन सेकंदच बोला. १२१.५ वर, म्हणजे आपत्कालीन फ्रिक्वेन्सीवर, कधीही नाही.

अँटेनाच्या बाजूला दोष असेल तर या क्रमाने बघा: केबलच्या दोन्ही टोकांचे बीएनसी कनेक्टर, विशेषतः बाहेरच्या जाळीचं क्रिम्प, अँटेनाच्या तळाचा विमानाच्या पत्र्याशी संपर्क, तिथेही रंग, आणि कंपोझिट विमानात अँटेनाखाली वाहक पत्रा किंवा फॉइल आहे का. तो नसेल तर केबलची बाहेरची जाळीच अँटेनासारखी वागते आणि कॉकपिटभर ऊर्जा पसरवते.

मग तारांचा मार्ग. माझ्या दुसऱ्या तक्रारीत ईजीटीची तार रेडिओच्या केबलबरोबर ७० सेंटिमीटर एकाच टाय-रॅपने बांधलेली होती. दिसायला सुबक. दोघींना वेगळं केलं, जिथे ओलांडणं भाग होतं तिथे काटकोनात ओलांडलं, आणि उड्या निम्म्याहून कमी झाल्या. उरलेल्या उड्या मॉनिटरजवळ हार्नेसवर (तारांच्या जुडग्यावर) फेराइट लावून आणि त्यातून तारांचे दोन वेढे घालून थांबल्या. फेराइट उपकरणाच्या जवळ लावा. मधेच कुठेतरी लावलं तर त्याच्या पुढचा भाग पुन्हा अँटेना होतो. इनपुट आणि ग्राउंडमध्ये ०.००१ ते ०.०१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटरही उपयोगी पडतो, पण त्याचे पाय लांब ठेवले तर या फ्रिक्वेन्सीला तो जवळपास नसल्यासारखा. फ्युएल फ्लोसारख्या पल्स देणाऱ्या सेन्सरवर मॉनिटर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय लावू नका.

## ७. अल्टरनेटर, मॅग्नेटो, स्ट्रोब

अल्टरनेटर. इंजिन चालू ठेवून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बसवर मोजा. माझ्याकडे सारं ठीक असताना ६० मिलिव्होल्टच्या आसपास दिसतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर आतला एखादा डायोड गेल्याची दाट शंका. एक डायोड गेला तरी कमी लोडवर चार्जिंग चालू दिसतं, म्हणून व्होल्टमीटर पाहून समाधान मानू नका. बॅटरीचा लग सैल असला तरीही हा आकडा वाढतो, कारण बॅटरी या लहरी गिळते. आधी तो घट्ट करा. फिल्टर आधी लावलात तर मरता डायोड झाकला जातो. अल्टरनेटर बंद करून तुलना करायची असेल तर कमी आरपीएमवर फक्त अल्टरनेटरचं बटण बंद करा. चालत्या अल्टरनेटरखालून बॅटरी मात्र कधी तोडू नका. व्होल्टेजची उसळी सगळं पॅनेल जाळू शकते.

रोटॅक्स ९१२ सारख्या इंजिनात अल्टरनेटरऐवजी कायमचुंबकी जनरेटर आणि वेगळा रेग्युलेटर असतो. तिथे निर्मात्याने सांगितलेला २२,००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर जागेवर आहे आणि त्याची टर्मिनल घट्ट आहेत, हे बघा.

मॅग्नेटो. उड्डाणाआधीची रोजची मॅग्नेटो चाचणीच इथे कामी येते. चावी डाव्यावर, म्हणजे उजवा बंद असताना, रेडिओतली खरखर किंवा आरपीएमची उडी थांबली, तर गुन्हेगार उजवा; उजव्यावर थांबली तर डावा. त्या बाजूच्या पी-लीडची शिल्ड, म्हणजे तारेभोवतीची धातूची जाळी, बघा. ती मॅग्नेटोच्या बॉडीला पक्की हवी आणि दुसऱ्या टोकाला स्विचच्या ग्राउंड टर्मिनलवर, पॅनेलच्या पत्र्यावर नव्हे. काम संपल्यावर आयडलवर चावी क्षणभर "ऑफ" करून इंजिन खरंच मरायला लागतं ना, ते बघा. मगच काउलिंग लावा.

स्ट्रोब. आकडा साधारण सेकंदाला एकदा, ठेक्यात हलत असेल तर झेनॉन स्ट्रोबकडे जा. त्याच्या पुरवठ्यात काहीशे व्होल्ट असतात. बंद केल्यावरही लगेच हात घालू नका. दिव्यापर्यंतच्या केबलची शिल्ड फक्त पुरवठ्याच्या बाजूला ग्राउंड असावी.

एलईडीचे ड्रायव्हर आणि यूएसबी चार्जर तपासायला छोटा एएम रेडिओ घ्या, दोन स्टेशनांच्या मधल्या शांत जागी ट्यून करा आणि पॅनेलच्या मागून हळूहळू फिरवा. जिथे खरखर वाढेल तिथे थांबा. चार्जर नुसता बंद करून चालत नाही, सॉकेटमधून उपटून बघा.

## ८. शिल्ड

सेन्सरच्या तारेची शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा, बहुधा मॉनिटरच्या बाजूला. दोन्ही टोकांना केलीत तर इंजिन आणि पॅनेल यांच्यातला फरक त्या शिल्डमधून प्रवाह वाहवतो, आणि जी आडोशाला लावली तीच गोंगाट करते. मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर ते खरं.

## ९. होकायंत्राचा सेन्सर

डिजिटल हेडिंगचा चुंबकीय सेन्सर पंखात किंवा शेपटीत असतो. एकट्या तारेत १० अँपिअर असतील तर १० सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार होतं. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्ला एवढंच. म्हणजे पिटो हीट लावताच हेडिंग वळलं तर नवल नाही. उपाय म्हणजे त्या उपकरणाची प्लस आणि परतीची तार एकमेकींभोवती पिळून न्या, सांगाड्यातून परत आणू नका. सेन्सरजवळचे स्क्रू लोखंडी नसावेत.

## १०. एका वेळी एकच बदल, आणि नोंद

दोन गोष्टी एकदम बदललात तर कशाने सुधारलं ते कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी तक्रार परतली की पुन्हा शून्यापासून सुरुवात. प्रत्येक बदलानंतर पायरी १ चा तक्ता पुन्हा भरा, सगळाच्या सगळा. ऑइल टेंपरेचर सुधारलं आणि फ्युएल फ्लो बिघडला, असं होऊ शकतं.

लॉगबुकमध्ये नुसतं "ग्राउंड साफ केलं" लिहू नका. कुठला जोड, आधी किती मिलिव्होल्ट, नंतर किती, किती अँपिअरवर, तारीख आणि तास. माझ्या लॉगबुकात त्या जोडाखाली पुढच्या तीन ओळी आहेत: २५ तासांनंतर ११ मिलिव्होल्ट, ५० तासांनंतर ११, वार्षिक तपासणीला १३. तो २० च्या पुढे गेला की मी नट पुन्हा उघडणार आहे.